गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की आई ५४ वर्षांची आहे, डाव्या स्तनात गाठ आहे, मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रेच्या) रिपोर्टमध्ये बायरॅड्स ४ (म्हणजे गाठ संशयास्पद, तपासून बघा) आलंय. डॉक्टर बायोप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) करा म्हणतात आणि घरातले मोठे म्हणतात, थांबा, सुई लावली की पसरतो. शिवाय घरातल्या बाकीच्या बायकांनी कोणत्या वयापासून मॅमोग्राफी करावी, हेही विचारलंय.

नाही पसरत. बायोप्सी करा, याच आठवड्यात करा. तुमच्या घरात आज जे वाक्य बोललं जातंय, तेच आमच्या घरात २०१७ साली बोललं गेलं होतं आणि मी तेव्हा गप्प बसले होते. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

आमचं गाव बार्शी तालुक्यात. जूनमध्ये आईला अंघोळ करताना गाठ लागली, सुपारीएवढी. दुखत नव्हती, म्हणून ती निर्धास्त होती. (कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.) सोनोग्राफी केली. २.४ सेंटीमीटर, कडा वेड्यावाकड्या, काख मोकळी. डॉक्टरांनी तिथल्या तिथे बायोप्सीची चिठ्ठी लिहून दिली. वडील २००९ मध्ये गेले, तेव्हापासून आमच्याकडे मोठी गोष्ट थोरल्या मामांना विचारल्याशिवाय होत नाही. मामा आले, चहा घेतला आणि म्हणाले, "सुई लावायची नाही. गाठ खवळते. वरच्या आळीतल्या सूनबाईला लावली, सहा महिन्यांत गेली."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. म्हणाले, "मामा, डॉक्टर म्हणतायत तर..." त्यावर ते म्हणाले, "तू डॉक्टर आहेस का?" तेवढ्यावर मी माघार घेतली.

मग सात महिने लेप. मामांच्या ओळखीचा एकजण दर गुरुवारी पुडी द्यायचा. आई वाटीत तो काळपट लेप कालवायची, एरंडाच्या पानावर घ्यायची आणि बांधायची. तिच्या ब्लाउजांवर पडलेले डाग पुढे कशानेही निघाले नाहीत. जानेवारीत काखेत गोळे लागले, तेव्हा मी कुणालाही न विचारता रजा टाकली आणि तिला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. पुन्हा सोनोग्राफी, सोबत मॅमोग्राफी. गाठ ४.६ सेंटीमीटर, काखेत एकमेकींना चिकटलेल्या गाठी.

चार दिवसांनी बायोप्सी झाली. आधी जागा बधिर केली. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई आत गेली आणि स्टेपलर दाबल्यासारखा टक् आवाज झाला. असं पाच वेळा. फॉर्मेलिनच्या छोट्या बाटलीत शेवयांच्या तुकड्यांसारखे पाच पांढुरके धागे. ती बाटली लॅबमध्ये नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं. आई पदर सावरत उठली, बाटलीकडे बघून म्हणाली, "एवढंच? एवढ्यासाठी सात महिने?" मला उत्तर देता आलं नाही.

रिपोर्ट आला, ग्रेड ३ (वेगाने वाढणारा), हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त), एकूण तिसरी स्टेज. आधी केमो, मग ऑपरेशन, मग १५ दिवस शेक (रेडिएशन), आणि हर-टूचं ट्रास्टुझुमॅब दर तीन आठवड्यांनी वर्षभर. ते हृदयावर परिणाम करू शकतं म्हणून मधून मधून इको. २.४ ची गाठ असताना बहुधा फक्त गाठ काढून, शेक देऊन स्तन वाचला असता. तसं केलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका २० वर्षांनंतरही सारख्याच प्रमाणात जिवंत असतात, हे २००२ मध्येच अमेरिकेतल्या आणि इटलीतल्या अभ्यासांनी दाखवलंय. आईचा पूर्ण काढावा लागला, काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. आज ती आहे, चांगली आहे. पण त्या बाजूचा हात सुजतो आणि भाकरी थापताना मध्ये थांबून हात वर धरून बसावं लागतं.

आणि मामा अजूनही चार माणसांत सांगतात, "बघा, सुई लावली आणि तिसऱ्या स्टेजला गेलं."

माझ्याकडे दोन्ही सोनोग्राफीचे रिपोर्ट आहेत. जून २०१७, २.४ सेंटीमीटर, काख मोकळी. जानेवारी २०१८, ४.६ सेंटीमीटर, काखेत गाठी. बायोप्सीची तारीख दुसऱ्या रिपोर्टनंतर चार दिवसांची आहे. या दोन तारखांच्या मधे आईच्या अंगाला एकही सुई लागलेली नव्हती. जे काही वाढलं, ते लेपाखाली वाढलं. वरच्या आळीतल्या सूनबाईंचंही तेच. त्या डॉक्टरांकडे पोचल्या तेव्हाच उशीर झाला होता. बायोप्सी शेवटी झाली, म्हणून दोष बायोप्सीवर गेला.

सुईने खरंच पसरत असतं तर आणखी एक गोष्ट घडायला नको होती. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी देशातल्या ११ रुग्णालयांत अभ्यास केला, २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दीड हजारांवर बायका होत्या. त्यातल्या निम्म्यांना ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीच्या सगळ्या बाजूंनी सुईने बधिर करायचं साधं औषध टोचलं. पाच वर्षांनी त्यांच्यात ९०.१ टक्के जिवंत होत्या, न टोचलेल्यांत ८६.४ टक्के. हे श्रेय औषधाचं आहे, सुईचं नाही. पण गाठीभोवती एवढ्या सुया टोचूनही त्या बायकांचं वाईट झालं नाही, एवढं मामांनी तरी ऐकावं.

धोका खरा कुठे आहे ते सांगते. बायोप्सी न करता कुणी "छोटंसं ऑपरेशन करून गाठच काढून टाकू" म्हणालं तर नाही म्हणा. अर्धवट काढलेल्या गाठीनंतर पुढचं सगळं बिघडतं, कडा मोकळ्या (कॅन्सर न उरलेल्या) होत्या का ते कळत नाही, पुन्हा कापावं लागतं. आणि बारीक सुईची एफएनएसी पुरेशी म्हणाले तर कोअर बायोप्सी, म्हणजे ट्रू-कट, करून मागा. ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणाऱ्या) आणि हर-टू या तपासण्यांना मांसाचा तुकडाच चांगला लागतो, आणि सगळे उपचार त्यावरच ठरतात. ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर पुढे पाच-दहा वर्षं गोळ्या. हर-टू २+ आला तर तो ना होकार ना नकार, फिश नावाची पुढची तपासणी लागते, ती टाळू नका. आधी केमो द्यायची ठरली तर गाठीत क्लिप (जागेची छोटीशी खूण) बसवायची का, हे विचारा, कारण केमोने गाठ इतकी विरघळू शकते की ऑपरेशनच्या वेळी जागा सापडत नाही. लॅबकडून पॅराफिनचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मागून घेऊन घरी जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर तेच लागतात.

आता मॅमोग्राफीचं वय. तुमच्या आईसाठी तो प्रश्नच उरलेला नाही. काही त्रास नसताना करतात ते स्क्रीनिंग, गाठ लागल्यावर करतात तो तपास. (गाठ हाताला लागत असेल आणि मॅमोग्राफी स्वच्छ आली, तरी तपास थांबवायचा नसतो.) अमेरिकेत २०२४ पासून ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी करा असं सांगतात. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात वयाच्या तिशीनंतर दर पाच वर्षांनी प्रशिक्षित हाताने तपासणी आहे. या हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटानेच १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी तपासणी करून घेतली, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तेवढा फरक दिसला नाही. तुमच्या बहिणींनी आणि तुम्ही कधी सुरू करायचं, ते आईचा रिपोर्ट आल्यावर तिच्या डॉक्टरांनाच विचारा, घरात कुणाला झाला असेल तर हिशोब बदलतो.

"खेड्यातल्या बायकांना हे रोग होत नाहीत" असंही मामा म्हणायचे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये आमच्या बार्शीतच सुरू झाली. उगाच कुणी नोंदवही उघडत नाही.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगायला हवं होतं. सुईच्या वाटेवर कधीकधी काही पेशी सरकलेल्या सापडतात, हेही खरं आहे, पण त्याने आयुष्य कमी झाल्याचं दिसलेलं नाही, पुढचं ऑपरेशन आणि शेक ते निस्तरतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आणि बायरॅड्स ४ म्हणजे कॅन्सरच असं समजू नका. त्यात २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत शक्यता मोडते, ४ए (शक्यता कमी) लिहिलंय की ४सी (शक्यता जास्त) ते बघा. गाठ साधी असेल तर तेही बायोप्सीच सांगेल, आणि आई त्या रात्री झोपेल.

घरातले मोठे तरीही ऐकेनात तर मला कळवा. आईला विचारलंय, तिची हरकत नाही. नाव झाकून दोन्ही रिपोर्टांचे फोटो पाठवते. त्यांना फक्त वरच्या तारखा वाचायला सांगा.