बालआरोग्य : ‘ऊन लागलं’ म्हणून पन्हं देत होतो

प्रश्न : मे महिन्यात माझ्या अडीच वर्षांच्या नातवाचा ताप उतरेना. डोळे लाल, ओठ फुटलेले. ऊन लागलं समजून आम्ही पन्हं देत होतो. सातव्या दिवशी डॉक्टरांनी कावासाकी आजार सांगून सलाइनसारखं महागडं औषध दिलं. ताप गेला, इकोही (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आला. आता बोटांची कातडी निघतेय. एवढ्याशा पोराला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती बंद केली तर?
– एक आजी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आजी, गोळी मनाने बंद करू नका. ती अ‍ॅस्पिरिन आहे, तीही कमी मात्रेत. या आजारात रक्तवाहिन्यांना सूज येते, दुसऱ्या आठवड्यापासून प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) वाढतात आणि हृदयाच्या वाहिन्यांत गुठळी व्हायची भीती असते. म्हणून साधारण 6 ते 8 आठवडे, पुढचा इको नीट येईपर्यंत ती द्यायची. मधे घरात कुणाला फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तापाला आयब्युप्रोफेनही परस्पर देऊ नका. नखांच्या कडेची कातडी ओढू नका, आपोआप जाईल.

आता उन्हाचं. नागपुरात मे महिन्यात तापलेलं प्रत्येक पोर ‘ऊन लागलेलं’च असतं! पण पाच दिवस ताप हटला नाही, की उन्हाला दोष देणं थांबवावं. मी आधी डोळे बघते : लालभडक, पण चिपडं नाहीत. मग लाल, दाणेदार जीभ, सुजलेले तळहात-तळपाय, पुरळ, मानेत एका बाजूला गाठ. आणि बाही वर करून बीसीजी लसीची खूण. जुनी खूण अचानक लाल होऊन फुगलेली दिसली, तर मी इको लांबवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात यातलं निम्मंही दिसत नाही. तिथे नुसता रेंगाळलेला तापही मला स्वस्थ बसू देत नाही.

महागडं औषध म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज). ते तापाच्या पहिल्या 10 दिवसांत मिळावं. उपचार न झालेल्या साधारण चारातल्या एका मुलाच्या हृदयाच्या वाहिन्या फुगतात. वेळेत दिलं तर हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास येतं. तुमच्या नातवाला वेळेत मिळालं.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, भावंडांना वेगळं ठेवू नका. मात्र या औषधानंतर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस 11 महिने पुढे ढकलतात. लसीच्या कार्डावर औषधाची तारीख आजच लिहून घ्या.