आधी गाडीची जागा बघा

प्रश्न : ताई, मी मूळचा कोल्हापूरचा, सहा वर्षं झाली तोक्योत निशी-कासाईला राहतो. इथे आल्यावर भारतातला चारचाकीचा परवाना बदलून घेतला. पुढे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन ४०० सीसीपर्यंतचा दुचाकीचा परवानाही काढला, त्याला आता दीड वर्ष झालं. सध्या एक जुनी २५० सीसी आहे, पण रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० मनात बसली आहे. वडिलांकडे ३५०ची बुलेट होती, तिच्या टाकीवर बसून मी लहानाचा मोठा झालो. ४०० सीसीच्या वरचा परवाना थेट सरकारी केंद्रात परीक्षा देऊन काढावा की परत स्कूलला जावं? मित्र म्हणतो स्कूलचे पैसे वाया जातात. आणि परदेशी माणसाला मोठी गाडी घेताना कुठे अडायला होतं? बायकोला मागे बसवून हाकोनेला जायचं ठरवतोय.
— एक वाचक, तोक्यो

उत्तर : तुमच्या पत्रात सगळं आहे, गाडी ठेवणार कुठे तेवढं नाही. मी तिथूनच सुरुवात करते, कारण माझं घोडं तिथेच अडलं होतं.

जपानमध्ये चारचाकी घ्यायची तर आधी जागेचा दाखला पोलिसांकडून आणावा लागतो. मोटरसायकलला तो लागत नाही. त्यामुळे दुकानात कोणी विचारतच नाही की गाडी रात्री कुठे उभी राहणार. मी सेकंडहँड कावासाकी डब्ल्यू८०० घेतली तेव्हा पैसे भरले, सह्या केल्या, आणि घरी येऊन इमारतीच्या व्यवस्थापकांना सांगितलं. त्यांनी करारातली ओळ दाखवली : सायकलींच्या शेडमध्ये १२५ सीसीपर्यंतच परवानगी. दुकानदार भला माणूस, त्याने महिनाभर गाडी ठेवून घेतली. तेवढ्यात मी शोधाशोध करून एक जागा मिळवली, घरापासून सायकलने १५ मिनिटांवर, महिना १२ हजार येन. रस्त्यावर लावायचा विचारही करू नका. २००६ पासून इथे पार्किंग तपासायला खाजगी निरीक्षक फिरतात आणि ते दुचाकीलाही सोडत नाहीत.

जागा लांब असली की गाडी कमी चालते, हे मी अनुभवाने सांगते. पहिल्या हिवाळ्यात मी गाडी महिन्याला दोनदा काढली असेल. तुमची २५० आत्ता जिथे उभी आहे तिथे ६५० चालेल का, हे करारात आज वाचा. चालत नसेल तर पाच मिनिटांत पायी पोचता येईल अशी जागा हाती लागेपर्यंत शोरूमची पायरी चढू नका.

आता परवाना. मित्राचं ऐकू नका, स्कूललाच जा. तुमच्याकडे ४०० सीसीपर्यंतचा परवाना असल्यामुळे वर्गात बसायचं नाही, फक्त १२ तास मैदानावर. खर्च एक लाख येनच्या आसपास येतो. १९९६ पर्यंत ही सोयच नव्हती. ४०० सीसीच्या वरच्या गाड्या स्कूलमध्ये शिकवतच नसत, सरकारी केंद्रात जाऊन एका फटक्यात परीक्षा द्यायची आणि बहुतेकांनी पुन्हा पुन्हा नापास व्हायचं. माझ्या ऑफिसातले एक साठीचे गृहस्थ अजून सांगतात की ते अकराव्या खेपेला पास झाले. ती वाट आजही उघडी आहे, स्वस्तही आहे. पण त्या वाटेवर कोणी शिकवत नाही, आणि मोठ्या गाडीला शिकण्यासारखं खरंच काहीतरी असतं.

ते काय, ते परीक्षेतल्या फळीवर कळतं, तिच्यावरून गाडी सावकाश न्यायची असते. १५ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद, जमिनीपासून ५ सेंटिमीटर उंच. तुमच्या परीक्षेत ती ७ सेकंदांत किंवा त्याहून सावकाश पार करायची होती. मोठ्या गाडीला किमान १० सेकंद लागले पाहिजेत. दोनशे किलोहून जड गाडी आणि माणसाच्या चालण्याइतका वेग. माझी उंची पाच फूट एक इंच. पहिल्या दिवशी मी समोरच्या चाकाकडे बघत होते आणि तीन वेळा खाली उतरले. आमचे शिक्षक कमी बोलायचे. ते फळीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले, आपल्या टोपीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे बघा. नजर वर गेली, गुडघे टाकीला घट्ट लागले, क्लच अर्धवट, उजवा पाय मागच्या ब्रेकवर नुसता टेकलेला. गाडी डुगडुगली, पण वर राहिली. मोजले तर साडेनऊ सेकंद. मला रडू आलं होतं.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा. परीक्षा १०० गुणांची, पास व्हायला ७० हवेत. १० सेकंदांच्या आत पार केलीत तर थोडे गुण जातात. पण चाक फळीवरून घसरलं की परीक्षा तिथेच बंद. म्हणून त्या दिवशी हिरोगिरी नको, ८ सेकंदांत गेलात तरी चालेल, वर राहा. स्लॅलमचंही, म्हणजे रांगेत ठेवलेल्या शंकूंमधून नागमोडी जाण्याचंही तसंच, वेळ ७ सेकंदांची आहे पण शंकूला धक्का लागला की संपलं. खडबडीत पट्ट्या उभं राहून पार करणं तुम्हाला नवीन असेल, ते फक्त मोठ्या गाडीला असतं. ते अवघड नाही, फक्त पहिल्यांदा भीती वाटते.

फळीवर शिकलेलं रस्त्यावर कुठे लागतं? सिग्नलला गर्दीत, उतारावरच्या पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर वळताना. मोठ्या गाड्या बहुतेक उभ्याउभ्याच पडतात. माझी तोक्योजवळच्या बोसो द्वीपकल्पात एका विश्रांतीस्थळाच्या उतारावर पडली. वळताना पुढचा ब्रेक दाबला, पाय पोचला नाही, आणि गाडी सावकाश उजवीकडे आडवी झाली. मुळ्यांची जुडी घेऊन चाललेले एक आजोबा धावत आले. पण उचलायची कशी ते स्कूलने शिकवलं होतं : आधी चावी बंद, गिअर टाकायचा म्हणजे घरंगळत नाही, उजवीकडे पडली असेल तर स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचं, नाहीतर उचलल्यावर पलीकडे पडते. मग पोट सीटला चिकटवून, पायांच्या जोराने, वर नाही तर पुढे ढकलायची. आजोबांनी मागून हात लावला आणि गाडी उभी राहिली. ब्रेकचा दांडा मोडला होता, बाकी ठीक. मला त्यांनी दोन मुळे दिले.

आता खर्च. २५० सीसीपर्यंत शाकेन, म्हणजे सक्तीची तांत्रिक तपासणी, नसते, म्हणून तुम्हाला ती अजून माहीत नाही. २५०च्या वर असते : नव्या गाडीला पहिल्यांदा ३ वर्षांनी, मग दर २ वर्षांनी. नंबर प्लेटलाही हिरवी किनार येते, त्यावरून ओळखतात. दुकानाला दिलीत तर मजुरी चांगलीच लागते. मी स्वतः घेऊन जाते. सरकारी शुल्क फार नाही, आणि तिथले कर्मचारी परदेशी बाईला रांगेत कुठे उभं राहायचं ते धीराने दाखवतात. बहुतेक गाड्या हेडलाइटच्या दिशेवर अडतात. केंद्राच्या आजूबाजूला छोटी दुकानं असतात, थोडे पैसे घेऊन आधीच दिवा सरळ करून देतात. तिथे थांबून मगच आत जा. वार्षिक कर ३,६०० येनांवरून ६,००० होईल. हा कर १ एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर असेल त्याने पूर्ण वर्षाचा भरायचा, महिन्यांच्या हिशोबाने परत मिळत नाही. तुमची २५० विकणार असाल तर मार्चच्या आत दुसऱ्याच्या नावावर करून टाका. उद्या कंपनीने अचानक पुण्याला परत बोलावलं, तरीही हे लक्षात असू द्या.

विम्याबद्दल आपली मुलं फार निष्काळजी असतात, म्हणून जरा जोराने सांगते. सक्तीचा जिबाइसेकी विमा फक्त समोरच्या माणसाच्या इजेला आहे, मृत्यूला जास्तीत जास्त ३ कोटी येन. समोरच्याची गाडी, दुकानाची काच, तुमचा स्वतःचा मोडलेला पाय, यातलं काहीच त्यात येत नाही. ऐच्छिक विमा घ्याच. २५०वर तो असेल तर तीच पॉलिसी नव्या गाडीवर बदलून घेता येते, इतक्या वर्षांची सवलत बुडत नाही. घरच्या कारच्या विम्याला जोडलेली दुचाकीची सोय मात्र १२५ सीसीपर्यंतच असते, त्यावर विसंबू नका.

परदेशी म्हणून अडचण म्हणाल तर खरेदीत जवळजवळ नाही. वॉर्ड ऑफिसातून आणलेला जुमिन्ह्यो, म्हणजे रहिवासाचा दाखला, आणि निवास कार्ड. बाकीची नोंदणी दुकान करतं. अडतं ते कर्जात. व्हिसाची मुदत कमी उरली असेल तर हप्ते त्या मुदतीत बसवायला सांगतात किंवा सरळ नाही म्हणतात. व्हिसाचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर ते आधी होऊ द्या, मग अर्ज करा.

नव्याने आलेल्या वाचकांसाठी मध्येच एक सांगते. भारतातला आंतरराष्ट्रीय परवाना इथे चालतो, पण जपानमध्ये उतरल्यापासून एकच वर्ष. मधे महिनाभर गावी जाऊन नवीन परवाना आणला तरी वर्ष पुन्हा सुरू होत नाही, त्यासाठी ३ महिने बाहेर राहावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे आपली चांगली मुलं विनापरवाना ठरली आहेत. परवाना बदलून घेण्याची लेखी परीक्षाही ऑक्टोबर २०२५ पासून कडक झाली. आधी १० प्रश्नांतले ७ बरोबर आले की झालं, आता ५० पैकी ४५ लागतात.

एक्सप्रेसवेने दोघांनी हाकोनेला जायचा बेत मात्र तुम्हाला थोडा पुढे ढकलावा लागेल. साध्या रस्त्यावर मागे माणूस बसवायला परवाना मिळून १ वर्ष व्हावं लागतं, ते तुमचं झालंय. एक्सप्रेसवेवर मात्र वय २० आणि परवान्याची ३ वर्षं लागतात. ४०० सीसीच्या परवान्याचा काळ त्यात धरतात, तेव्हा तुमची दीड वर्षं उरली. त्यानंतरही तोक्यो शहरातल्या शुतो एक्सप्रेसवेचा मधला वर्तुळ मार्ग आणि लगतचे काही टप्पे दोघांना बंद आहेत, पाटी बघून चला. तोवर वहिनींना साध्या रस्त्याने बोसोला न्या. हिवाळ्यातही ऊन असतं, आणि तातेयामाच्या बाजूला जानेवारीत शेतं फुलांनी पिवळी होतात.

आणि शेवटचं, ज्यावर मी तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुमच्या वडिलांची बुलेट ३४६ सीसीची होती. ती आज इथे असती तर तुमच्या हातातल्या परवान्यावर चालली असती. होंडाची जीबी३५० ही ३४८ सीसीची, तीच जी २०२० मध्ये भारतात आधी हायनेस सीबी३५० म्हणून आली आणि पुढच्या वर्षी जपानमध्ये. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०ही इथे मिळते. टाकीवर बसून ऐकलेला तो धडधड आवाज हवा असेल तर तो एका सिलिंडरचा आहे, इंटरसेप्टरला दोन सिलिंडर आहेत. दोन्ही एकदा चालवून बघा. ६५०च आवडली तर मनापासून घ्या, ती सुंदर गाडी आहे.

प्रश्न : ताई, माझी मुलगी नागोयाला शिकते. बाइकचं लायसन्स काढते म्हणते, पुढे ४००ची गाडी घेणार म्हणे. साताऱ्यात तिने कधी स्कूटीही नीट चालवली नाही. आम्ही दोघं रात्र रात्र जागे असतो. तिला नको म्हणू का?
— एक आई, सातारा

उत्तर : नको म्हणू नका. तुम्ही नको म्हटलंत तर ती तुम्हाला न सांगता घेईल, आणि मग तिला पावसात कुठे अडकायला झालं तर फोनही करणार नाही.

तिने कधी चालवली नाही, हे इथे एका अर्थी चांगलंच आहे. चुकीच्या सवयी नाहीत. तिच्याकडे कारचा परवानाही नसेल तर तिला मैदानावर १९ तास आणि वर्गात २६ तास बसावं लागेल. मधे उडी मारता येत नाही. ४० किलोमीटरच्या वेगातून ११ मीटरच्या आत गाडी थांबवता आली नाही तर पास करत नाहीत.

तुम्ही तिच्याकडून तीन गोष्टींचे फोटो मागा : घोट्याच्या वर येणारे बूट, छातीला आणि पाठीला पॅड असलेलं जॅकेट, आणि पीएससीची, म्हणजे जपानची सुरक्षेची खूण असलेलं हेल्मेट. हेल्मेट तिकडून पाठवू नका, इथल्या दुकानात डोक्याला मापून घेऊ दे. पैसे द्यायचे असतील तर गाडीला नको, याला द्या. आणि ऐच्छिक विम्याचा कागदही मागा, वरच्या उत्तरात लिहिलाय तोच.

पहिल्या दिवशी स्कूलमध्ये तिच्यासमोर गाडी आडवी करतील आणि उचल म्हणतील. त्या संध्याकाळी तिला फोन करा आणि जेवलीस का विचारायच्या आधी विचारा, उचलली का?