पेट्रोलसाठी कर्ज काढू, की मदत मागू?

प्रश्न : मी घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करते. एजन्सी भेटीमागे पैसे देते, पेट्रोल माझं मला. शिवाय आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. महिन्याला गाडी साधारण 1,500 किलोमीटर फिरते. पूर्वी ॲव्हरेज 14 होतं, आता 12 च मिळतं. इंजिनाचा पिवळा दिवा कायम लागलेला असतो, पण मेकॅनिक म्हणतो, चालतं. 18-19 तारखेला पेट्रोलचे पैसे संपतात. मग पगारावर उचल देणाऱ्या ॲपमधून 30 एक लिटरचे पैसे घेते. त्यावर ते शेकडा 5 कापतात. भाऊ म्हणतो, कर्ज काढून 18 चं ॲव्हरेज देणारी गाडी घे, पेट्रोल काही आता स्वस्त होत नाही. बँक पाच वर्षांचं कर्ज द्यायला तयार आहे. मैत्रीण म्हणते, पेट्रोलला मदत करणाऱ्या संस्था असतात, तिथे विचार. मला त्याची लाज वाटते. काय करू?

उत्तर : कर्जाच्या कागदांवर सही करू नका. निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही हप्त्याचा आकडा कळवलाय, तो आजच्या दराने लिटरमध्ये मांडते, कारण पैशात मांडलं की डोळे फसतात. हप्ता होतो जवळजवळ 95 लिटरचा. आज 12 च्या ॲव्हरेजने 1,500 किलोमीटरला तुम्हाला 125 लिटर लागतं. नवी गाडी 18 देईल, म्हणजे 83 लिटर. वाचले 42 लिटर. महिन्याला 42 लिटर वाचवण्यासाठी 95 लिटरचा हप्ता, तोही 60 महिने. वर नव्या गाडीचा विमा जुनीपेक्षा महाग. आज 18 तारखेला संपणारा पैसा मग पहिल्याच आठवड्यात संपेल.

भावाचं म्हणणं अगदीच चूक नाही. कमी ॲव्हरेजची गाडी बदलण्यात फायदा खरंच जास्त असतो. 12 वरून 18 वर गेलात तर 42 लिटर वाचतात, पण 18 वरून 24 वर गेलात तर फक्त 21. वाढ दोन्हीकडे सहाचीच. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी 2008 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हेच दाखवलं होतं, की लोक ॲव्हरेजचा आकडा बघून बचतीचा अंदाज चुकवतात. म्हणून पुढे कधी गाडी घ्यायची वेळ आली तर ‘किती देते’ असं न विचारता ‘माझ्या महिन्याच्या किलोमीटरला किती लिटर पिते’ असं विचारा. दर वाढतच जाणार हे मात्र मी गृहीत धरणार नाही. 2008 च्याच जुलैत कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरच्या आसपास गेलं होतं आणि डिसेंबरात 40 च्या खाली आलं. पंपावरचा दर इतका खाली येत नाही, कारण त्यात कर आणि वितरणाचा खर्चही असतो. पण दर खाली आला तर तुमची बचत आटते आणि हप्ता तेवढाच राहतो, हे भावाला सांगा.

आता मदतीकडे वळू. पेट्रोलला मदत कोण देतं हा प्रश्न तुम्ही पंपापासून विचारताय. मी तो किलोमीटरपासून विचारते : हा किलोमीटर कुणासाठी पळाला? तुमच्या आकड्यांवरून माझी वाटणी अशी होते. रुग्णांच्या घरी जाण्यायेण्याचे 640. आईच्या डायलिसिसचे 572, कारण इस्पितळ 11 किलोमीटरवर, महिन्यात 13 खेपा, आणि प्रत्येक खेपेला तुम्ही आईला सोडून घरी येता, मग पुन्हा आणायला जाता, म्हणजे दिवसाला 44. उरलेले 288 शाळा, बाजार आणि बाकी सगळं. तुमची स्वतःची म्हणावी अशी फक्त ही 288 ची वाटणी, म्हणजे 24 लिटर. बाकीच्या 101 लिटरला दुसरं कुणीतरी धनी आहे, आणि तिथेच आधी विचारायचं.

एजन्सीपासून सुरुवात करा. 640 किलोमीटर म्हणजे 53 लिटर, आणि ते तुम्ही दर महिन्याला पदरमोड करून एजन्सीच्या धंद्यात घालताय. यात मदत मागण्याचा प्रश्नच नाही, कामाचा खर्च मागायचा आहे. पण तोंडी मागू नका. तोंडी मागणीला ‘बघू’ हे ठरलेलं उत्तर असतं. एक वही करा, गाडीतच ठेवा. तारीख, निघाल्याची वेळ, कुठून कुठे, मीटरचा आकडा निघताना आणि पोचताना. ‘मंगळवार, 9.10, घर ते पहिला रुग्ण, 7. 10.40, पहिला ते दुसरा, 13.’ एवढंच. घरापासून पहिल्या रुग्णापर्यंतचं आणि शेवटच्या रुग्णापासून घरापर्यंतचं अंतर वेगळ्या रकान्यात लिहा. ते बहुतेक मालक देत नाहीत, आणि ते मिसळलंत तर बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतील. दोन रुग्णांच्या मधलं अंतर मात्र सरळ कामाचं आहे.

महिनाभराची वही झाली की लेखी अर्ज द्या, आणि त्यात दोन पर्याय ठेवा : किलोमीटरमागे भत्ता द्या, किंवा भेटी भागवार लावून द्या, म्हणजे एका दिवशी एकाच बाजूचे रुग्ण. पैसे द्यायला नकार देणारा मालक वेळापत्रक बदलायला पुष्कळदा तयार होतो, कारण त्यात त्याचं काही जात नाही. तुम्हाला कागदोपत्री नोकर न धरता कंत्राटी धरलं असेल तरीही वही कामाचीच. अनेक देशांच्या करपद्धतीत धंद्यासाठी फिरलेल्या अंतराचा खर्च उत्पन्नातून वजा होतो, पण नोंद असेल तरच.

डायलिसिसच्या खेपांवर मी जास्त वेळ घालवला, कारण सगळ्यात मोठी गळती तिथे आहे. एक बैठक साधारण चार तासांची. आईला सोडून तुम्ही घरी येता आणि पुन्हा निघता, ते दिवसाचे 22 किलोमीटर गाडीत आई नसतेच. महिन्याचे 286 किलोमीटर, जवळजवळ 24 लिटर. एजन्सीने भागवार भेटी दिल्या तर इस्पितळाच्या बाजूचे रुग्ण नेमके याच तीन दिवशी मागून घ्या. आई खुर्चीवर, तुम्ही चार गल्ल्या पलीकडे कामावर. पेट्रोल वाचतं आणि भेटीचे पैसेही मिळतात.

दुसरं, डायलिसिसच्या पाळ्या ठरलेल्या असतात. सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार, तीच वेळ, बहुधा त्याच शेजारच्या खुर्च्या. तुमच्या आईच्या शेजारी बसणारे लोक कुठून येतात हे आईला पाठ असेल, विचारून बघा. त्यातलं एखादं घर तुमच्या वाटेवर निघालं तर एक खेप त्यांची, एक तुमची. पैसे मात्र घेऊ नका. खासगी गाडीत भाडं घेऊन माणसं नेली तर विमा कंपनी अपघाताच्या वेळी हात वर करू शकते. फेरीला फेरी फेडणं बरं.

इस्पितळात वैद्यकीय समाजसेवक असतो किंवा असते, हे बऱ्याच कुटुंबांना माहीतच नसतं. डायलिसिसच्या परिचारिकेला विचारलंत तर ती दार दाखवेल. रुग्णांची ने-आण करणारी सोय, प्रवासखर्चाची परतफेड, मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी असलेला एखादा निधी, यातलं काय कुठे उपलब्ध आहे ते याच व्यक्तीला ठाऊक असतं. जाताना पाळ्यांचं वेळापत्रक, डॉक्टरांची चिठ्ठी आणि अंतराची वही बरोबर न्या. (घरी करता येणारं, पोटातून होणारं डायलिसिसही असतं. पण ते आईला मानवेल का हे डॉक्टर ठरवतील. पेट्रोल वाचवायला तो विषय काढू नका.)

आता तुमच्या लाजेचा मुद्दा. साल्व्हेशन आर्मी, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी अशा संस्था दीडशे वर्षांहून जुन्या आहेत आणि अनेक देशांत त्यांच्या शाखा आहेत. पेट्रोलची मदत मिळते की नाही हे प्रत्येक शाखेच्या निधीवर आणि नियमांवर असतं. प्रार्थनास्थळांचे मदतनिधी, समाजकल्याण खातं, तुमच्या व्यवसायाची संघटना, कुठेही विचारता येतं. रोख हातात मिळेलच असं नाही, पुष्कळदा पंपावर चालणारं कूपन किंवा कार्ड देतात. ओळखपत्र, पगाराची पावती आणि प्रवास कशासाठी याचा कागद मागतात. तुमचं कारण नोकरी आणि डायलिसिस, आणि या दोन कारणांना संस्था सहसा झुकतं माप देतात.

पण ही मदत बहुतेक ठिकाणी एकदाच मिळते, फार तर वर्षातून एकदा. म्हणून ती कुठे वापरायची याला महत्त्व आहे. तुमची उचल बघा. 30 लिटरची उचल, शुल्क दीड लिटर. किरकोळ वाटतं. पण पुढच्या पगारातून साडेएकतीस लिटर आधीच कापले जातात, म्हणून 18 तारखेला पुन्हा खड्डा, पुन्हा उचल. वर्षाला 18 लिटर शुल्क भरून तुम्ही दर महिन्याला तोच 30 लिटरचा खड्डा विकत घेताय. पंधरा दिवसांना शेकडा 5 म्हणजे वर्षाला शेकडा 120 च्या घरात. सावकारालाही लाजवणारा दर आहे हा, फक्त ॲपचा रंग छान असतो.

तर संस्थेकडून 30 लिटरची मदत मिळाली, तर ती नेहमीच्या टाकीत जिरवू नका. ज्या महिन्यात मिळेल त्या महिन्यात उचल घ्यायची नाही. एक पगार अख्खा हातात पडला की साखळी तुटते. म्हणूनच आज संध्याकाळी काटा खाली गेला म्हणून धावू नका. बऱ्याच संस्थांचा निधी महिन्याचा ठरलेला असतो आणि महिनाअखेरीला पेटी रिकामी असते. पहिल्याच आठवड्यात जा. क्रेडिट कार्डावर पेट्रोल टाकण्याचा विचार मनात असेल तर तोही सोडा. बाकी थकवलीत की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सहसा जाते, आणि पुढच्या टाकीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

आणि ‘मोफत पेट्रोल कार्ड, फक्त नोंदणी शुल्क भरा’ असा संदेश आला तर तो पुसून टाका. दर भडकले की असले संदेश हमखास फिरतात. देणारा आधी मागत नाही.

गाडीच्या युक्त्यांबद्दल लोक फार लिहितात, मी थोडक्यात उरकते, कारण त्यातल्या बहुतेकांतून लिटर-दोन लिटरच सुटतात. टायरमधली हवा 10 पीएसआयने (पंपावर हवेचा दाब मोजतात ते एकक) कमी असेल तर सुमारे 2 टक्के पेट्रोल जास्त जातं. तुमच्या बाबतीत अडीच लिटर. हवा भरा, पण तेवढ्याने घर चालणार नाही. सकाळी थंड वेळेत भरलं की जास्त मिळतं, हे विसरा. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तापमान फारसं हलत नाही. प्रीमियम पेट्रोलने जुन्या इंजिनाला ताकद येत नाही. ऑक्टेनचा आकडा नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक, टाळण्याची क्षमता सांगतो, पेट्रोलमधली ऊर्जा नाही. गाडीच्या पुस्तिकेत साधं लिहिलं असेल तर साधंच भरा. वाट बघताना इंजिन बंद ठेवा, उभी गाडी तासाला अर्धा ते एक लिटर जाळते.

खरी गोम आहे त्या पिवळ्या दिव्यात. 14 चं ॲव्हरेज 12 झालं, म्हणजे त्याच 1,500 किलोमीटरला 107 ऐवजी 125 लिटर. महिन्याला 18 लिटर ही गाडी उगाच पितेय, आणि तुमचा मेकॅनिक म्हणतो, चालतं! दिवा कशाचा आहे हे स्कॅनर लावल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. बऱ्याचदा ऑक्सिजन सेन्सर निघतो. तो बिघडला की इंजिनाला हवेचा अंदाज चुकतो आणि ते गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओढतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार असा बिघाड दुरुस्त केल्यावर ॲव्हरेज 40 टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं. तुमचं एवढं बिघडलेलं नाही, पण दिशा तीच दिसते. ब्रेक चिकटत असला तरी ॲव्हरेज पडतं. लांबवर चालवून थांबलात आणि एकच चाक हाताला जास्त गरम लागलं, तर मेकॅनिकला तेही दाखवा. एअर फिल्टर बदलून ॲव्हरेज वाढेल असं कुणी म्हणालं तर मात्र घाई नको. कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाड्यांत त्याने ॲव्हरेजला फारसा फरक पडत नाही.

दुसऱ्या गॅरेजमध्ये स्कॅन करून स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा कोड लिहून घ्या आणि दुरुस्तीचा अंदाज लेखी मागा. तो आकडा आजच्या पेट्रोलच्या दराने भागा. 50-60 लिटरच्या आत आला तर तीन-चार महिन्यांत फिटतो, लगेच करून घ्या, आणि संस्थेकडून पेट्रोलऐवजी दुरुस्तीला मदत मिळत असेल तर तीच आधी मागा. 150 लिटरच्या वर गेला तर करू नका, मला कोड आणि अंदाज दोन्ही कळवा. मग जुनी गाडी ठेवायची की विकायची हा हिशोब, एजन्सीचं उत्तर हातात आल्यावर, नव्या किलोमीटरवर पुन्हा मांडावा लागेल.