जुन्या बी४५० बोर्डावर आरटीएक्स ५०६० घ्यावं की आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. घरचा पीसी रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा पॉवर सप्लाय असा आहे. मॉनिटर मात्र नवा कोरा, २७ इंची, १४४०पी (१०८०पीपेक्षा बारीक चित्राचा), १६५ हर्ट्झचा. दुकानदाराने नवं कार्ड म्हणून एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० एकतीस हजाराला आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी अडतीस हजाराला सांगितलं, आणि वर "एनव्हिडियाच घे, सात हजार वाचतील" असा सल्लाही दिला. गेम म्हणजे व्हॅलोरंट रोज, सुट्टीत सायबरपंक २०७७ आणि एल्डन रिंग. पुढे चार-पाच वर्षं कार्ड बदलायचं नाही. ताई सुट्टीला घरी आली की त्याच पीसीवर ब्लेंडर हे ३डी सॉफ्टवेअर शिकते.

दादा म्हणून विचारलंस, तर मोठ्या भावासारखंच सांगतो. ९०६० एक्सटी घे, आणि १६ जीबीवालंच घे. दुकानदार खोटं बोललेला नाही. नव्या बोर्डावर, १०८०पी मॉनिटरवर, नेहमीच्या गेमसाठी ५०६० चांगलंच कार्ड आहे. पण त्याने तुझा बोर्ड कोणता ते विचारलं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

कागदावर पाहिलं तर दोन्ही कार्डं एकाच पंगतीतली. ५०६० मे २०२५ मध्ये आलं, २९९ डॉलरला. ९०६० एक्सटी जून २०२५ मध्ये, ८ जीबी २९९ आणि १६ जीबी ३४९ डॉलरला. दोघांचीही मेमरी बस (चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता) १२८ बिटची. ५०६० वर नवी जीडीडीआर७ मेमरी आहे, तिचा वेग सेकंदाला ४४८ जीबी. ९०६० एक्सटीवर जीडीडीआर६, ३२० जीबी. विजेची भूक १४५ वॅट विरुद्ध १६० वॅट, म्हणजे फरक नगण्यच. रे ट्रेसिंग (प्रकाश, सावल्या, प्रतिबिंबं खरी भासवणारं तंत्र) बंद ठेवून खेळलास तर ९०६० एक्सटी थोडं पुढे राहतं, पण फक्त तेवढ्यासाठी मी तुला सात हजार जास्त मोजायला लावले नसते.

खरा फरक दोन ठिकाणी आहे. पहिला व्हीरॅमचा, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा: ५०६० ला ८ जीबी, या ९०६० एक्सटीला १६ जीबी. दुसऱ्याकडे दुकानात कुणी बोट दाखवत नाही: ५०६० बोर्डाशी आठ लेनने (डेटा जायच्या पट्ट्यांनी) बोलतं, ९०६० एक्सटी सोळा लेनने. नवीन बोर्डावर पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारा रस्ता) ५.० किंवा ४.० असतं, तिथे आठ लेनही भरपूर होतात. तुझा बी४५० मात्र पीसीआयई ३.० चा आहे. तुझा ३६०० प्रोसेसर ४.० चालवू शकतो, पण बोर्ड ३.० वरच थांबतो. ३.० मध्ये एका लेनमधून सेकंदाला साधारण १ जीबी जातं. म्हणजे ५०६० ला तुझ्या बोर्डावर रस्ता मिळेल ८ जीबीचा आणि ९०६० एक्सटीला १६ जीबीचा.

आता हे दोन फरक एकत्र कसे नडतात ते बघ. व्हीरॅम म्हणजे स्वयंपाकघरातली हाताशी असलेली मांडणी. गेमला लागणारे टेक्श्चर (भिंती, वस्तू यांच्या पृष्ठभागावरची चित्रं), सावल्या, रे ट्रेसिंगचा पसारा, सगळे डबे तिथे मावले तर काम झरझर होतं. मावले नाहीत की उरलेले माळ्यावर, म्हणजे पीसीच्या साध्या रॅममध्ये जातात, आणि लागेल तेव्हा शिडी लावून काढावे लागतात. ती शिडी म्हणजे पीसीआयई. ५०६० ची स्वतःची मेमरी ४४८ जीबीच्या वेगाने चालते आणि तुझ्या बोर्डावरची शिडी ८ जीबीची. पन्नास पटींहून जास्त फरक. गेममध्ये तो झटक्यांच्या रूपाने जाणवतो. १६ जीबीच्या कार्डाला १४४०पी वर माळ्यावर जायची वेळच सहसा येत नाही, आणि आली तरी शिडी दुप्पट रुंद आहे.

हे मी फक्त आकडे वाचून सांगत नाहीये. माझ्या भाच्याकडे असंच जुळलेलं होतं: बी४५० बोर्ड, ८ जीबीचं आठ लेनवालं कार्ड, १४४०पी मॉनिटर. त्याची तक्रार अशी की कोपऱ्यातला आकडा ७० एफपीएस (सेकंदाला ७० फ्रेम) दाखवतो, तरी गेम अडखळतो. मी जाऊन शेजारी बसलो. एका मोठ्या ओपन-वर्ल्ड गेममध्ये तो वाड्यासारख्या इमारतीत शिरला, आणि भिंतीवरची चित्रं ओल्या कागदावर शाई फुटावी तशी धूसर. आम्ही तिथेच उभे राहिलो. चारेक सेकंदांनी एक चित्र स्पष्ट झालं, आणि तेवढ्यात मागे वळून पाहिलं तर दाराचं नक्षीकाम पुसट झालेलं. फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावला तेव्हा सरळ रेषेत मधेच सुळके दिसले, प्रत्येक दालन बदलताना एक. सरासरी काढताना हे सुळके बुडून जातात, म्हणून आकडा ७० च दिसतो. टेक्श्चर अल्ट्रावरून मीडियमवर आणल्यावर सगळं सुरळीत झालं. कार्डाच्या चिपमध्ये दम होता, जागा नव्हती. पोराने वर्षभर पैसे साठवून घेतलेल्या मॉनिटरवर मीडियम टेक्श्चर बघताना मला खरंच वाईट वाटलं, आणि म्हणूनच तुला एवढं सविस्तर लिहितोय.

टेक्श्चरची सेटिंग ही अशी आहे की व्हीरॅम असेल तर तिच्यामुळे एफपीएस जवळजवळ घटत नाही, आणि डोळ्यांना फरक सर्वांत जास्त तिचाच दिसतो. तुला चार-पाच वर्षं काढायची आहेत. पुढे सावल्या कमी करशील, रे ट्रेसिंग बंद करशील, तरी टेक्श्चर वर ठेवता येतील. ८ जीबीवर सगळ्यात आधी तीच सोडावी लागतात.

तुझे गेम एकेक करून पाहू. व्हॅलोरंटला दोन्ही कार्डं गरजेपेक्षा मोठी आहेत, तिथे तुझा प्रोसेसर आधी थकेल. एल्डन रिंग मुळातच ६० एफपीएसला बांधलेला आहे, दोन्हींवर छान चालेल. प्रश्न उरतो सायबरपंकचा आणि पुढे येणाऱ्या मोठ्या गेमचा. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग लावलंस की व्हीरॅम झपाट्याने भरतो. पाथ ट्रेसिंग नावाची त्याच्याही वरची पायरी आहे, तिथे एनव्हिडियाचं तंत्र अजून सरस आहे हे मान्य, पण या किमतीच्या कार्डाने १४४०पी वर पाथ ट्रेसिंग चालवायच्या भरीस तू पडू नकोस. साधं रे ट्रेसिंग ९०६० एक्सटीवर नीट होतं. एएमडीच्या आधीच्या पिढ्यांविषयी जे ऐकलं असशील ते या पिढीला तसंच्या तसं लावू नकोस.

डीएलएसएसचा (कमी रिझोल्यूशनवर काढलेलं चित्र एआयने मोठं करणाऱ्या एनव्हिडियाच्या तंत्राचा) मुद्दा तुझ्या दुकानदाराने काढला असणारच. बाजू एनव्हिडियाची भक्कम आहे, यात वाद नाही. डीएलएसएस कितीतरी जास्त गेममध्ये मिळतं. एएमडीचं तसंच तंत्र एफएसआर ४ आता चित्राच्या दर्जात त्याच्या बरंच जवळ आलंय, आधीच्या एफएसआर ३ पेक्षा ते कितीतरी पुढे आहे. पण ते सगळ्या गेममध्ये नाही, म्हणून तू खेळणार असलेल्या गेमची नावं एकदा तपासून घे. राहिलं फ्रेम जनरेशन, ज्यात ५०६० एका खऱ्या फ्रेमच्या जोडीला तीन बनवलेल्या फ्रेम दाखवू शकतं. आकडा मोठा दिसतो, पण माऊस हलवल्यावरचा प्रतिसाद खऱ्या फ्रेमवरच ठरतो. मुळात ५०-६० खऱ्या फ्रेम मिळत असतील तेव्हाच ते गोड लागतं. शिवाय फ्रेम जनरेशनला स्वतःलाही व्हीरॅम लागतो, म्हणजे ८ जीबी आधीच काठोकाठ भरलेले असताना ते चालू केलंस तर अडखळणं वाढूही शकतं.

ताईच्या ब्लेंडरबाबत मात्र तुला एनव्हिडियाच्या बाजूने सांगावं लागेल. सायकल्समध्ये (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये) रेंडर करताना एनव्हिडियाचं ऑप्टिक्स हे तंत्र एएमडीच्या हिप या तंत्रापेक्षा बरंच वेगवान आहे, आणि ब्लेंडरच नव्हे तर अशा पुष्कळ सॉफ्टवेअरना कुडाचीच (फक्त एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या तंत्राचीच) सवय आहे. ताईचं काम रोजचं असतं, त्यावर तिचं पोट असतं, तर मी तुला हे उत्तर दिलंच नसतं. त्या वेळी सांगितलं असतं की आणखी थोडे पैसे घालून आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी घ्या, दोघांचंही भागेल. अमेरिकेत ते ४२९ डॉलरला आलं होतं, त्यावरून फरकाचा अंदाज येईल. पण सुट्टीत शिकण्यापुरतं मॉडेलिंग आणि छोटे रेंडर ९०६० एक्सटीवर होतात, फक्त थांबावं जास्त लागतं. आणि मोठा सीन ८ जीबीत मावला नाही तर ५०६० चा वेगही उपयोगी पडत नाही. तरी घेण्याआधी ताईला एकदा फोन करून विचार, कोर्समध्ये पुढे कुठलं सॉफ्टवेअर आहे ते. तिने कुडाशिवाय न चालणारं काही सांगितलं तर ५०६० टीआय १६ जीबीचा विचार कर, साध्या ५०६० चा नाही.

आता दुकानात फसायची जागा. ९०६० एक्सटी ८ जीबीतही मिळतं, नाव तेच, खोकंही बहुधा तसंच. ५०६० टीआयचीही तीच गत. बिलावर "१६ जीबी" असं लिहून घे, खोक्यावर वाच, आणि घरी लावल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डेडिकेटेड मेमरी बघ. कुणी "९०६० एक्सटी तेहेतीस हजारात देतो" म्हणाला तर ते ८ जीबीवालं आहे का हे आधी विचार. तुझ्या कामाला ते नको, मग ५०६० च बरं. बिल जीएसटीचं पक्कं घे, त्यावर कार्डाचा सीरियल नंबर हवा. माझ्या एका जुन्या कार्डाचा पंखा दोन वर्षांनी घरघरायला लागला. वॉरंटी तीन वर्षांची होती, पण दुकानदाराने कच्ची पावती दिलेली आणि मीही ती जपली नव्हती. सर्व्हिस सेंटरने दारातूनच परत पाठवलं. कार्ड कुठल्या कंपनीने बनवलंय तिचं सर्व्हिस सेंटर तुला सांगलीहून कुठे पडेल, पुणे की थेट मुंबई, हेही आधी विचारून ठेव.

पॉवर सप्लायची मला जास्त काळजी वाटते. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं ७५ वॅटची, वेगळी वायर न लागणारी असतात, म्हणजे तुझा सप्लाय आजवर या कामाला जुंपलेलाच नसेल. केबिनेटची बाजू उघड आणि ६+२ पिनची पीसीआयई वायर आहे का बघ. बहुतेक ९०६० एक्सटीना तशी एक लागते. प्रोसेसरच्या ४+४ पिनशी तिची गल्लत करू नकोस. वायर नसेल तर मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या वायरीवरून) जोडणारं अडॅप्टर लावून वेळ मारून नेऊ नको, अडतीस हजारांचं कार्ड तसल्या वायरीवर टांगायचं नाही. ४५० वॅट नावाजलेल्या कंपनीचे, ८० प्लस ब्रॉन्झ (कार्यक्षमतेच्या दर्जाचा शिक्का) असतील तर पुरतील. केबिनेटबरोबर फुकट आलेला सप्लाय असेल तर आधी तो बदल, ५५० वॅटचा चांगला घे, त्यासाठी महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल. छोट्या यूपीएसवर पीसी असेल तर त्याचाही हिशेब कर. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच तग धरतो, आणि गेम चालू असताना कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून तू तिथवर सहज पोचशील.

कार्ड आल्यावर वरच्याच स्लॉटमध्ये लाव. बी४५० च्या खालच्या लांब स्लॉटला लेनही कमी आणि त्याही बहुधा पीसीआयई २.० च्या असतात. एनव्हिडियावरून एएमडीवर जातोयस, तर आधी डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या टूलने जुने ड्रायव्हर साफ कर. बोर्डाचा बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) नवा करून त्यात अबव्ह ४जी डिकोडिंग आणि रीसाइझेबल बार चालू कर, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येते; रायझन ३६०० वर ते चालतं आणि एएमडीच्या कार्डाला त्याचा चांगला फायदा होतो. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करायची बायोसमधली सोय) बंद करावं लागतं, आणि विंडोज डिस्कच्या जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेली असेल तर पीसी सुरूच होणार नाही. घाबरू नकोस, सीएसएम परत चालू केलं की पहिल्यासारखं होतं. तरी आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्क जीपीटी (नव्या पद्धतीची) आहे का बघ, एमबीआर असेल तर डेटाची प्रत काढून विंडोजच्याच एमबीआर२जीपीटीने बदलून घे.

प्रोसेसर इतक्यात बदलू नकोस. वर्षभराने व्हॅलोरंटमध्ये कमी वाटलं तर याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. साधा ५६०० घे. ५५०० किंवा ५६००जी स्वस्त दिसतील, पण त्यांच्यात पीसीआयई ३.० च आहे आणि कॅशही (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) निम्मी, म्हणजे पुढे बोर्ड बदललास तरी अडकशील.

आधी केबिनेट उघड आणि पॉवर सप्लायच्या स्टिकरचा आणि वायरींचा फोटो टाक. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपियर लिहिलेत ते नीट दिसू दे. ते पाहून सांगतो, सप्लाय ठेवायचा की बदलायचा.