'दैनिक दंड' नव्हे, जीवनमाफक दंड

प्रश्न असा आला आहे: फिनलंडमध्ये कमाई पाहून दंड ठरवतात, त्याला 'दैनिक दंड' म्हणणं बरोबर का?

नाही. आणि हे वाचून वाचून डोकं उठलं आहे. दैनिक दंड म्हणजे रोज चढत जाणारा. वाचनालयाचं पुस्तक उशिरा परत केलं की लागतो तो. फिनलंडची 1921 पासूनची पद्धत निराळी. गुन्हा बघून दिवस ठरतात, सहसा 1 ते 120, आणि एका दिवसाचा दर गुन्हेगाराच्या निव्वळ कमाईवरून निघतो. नोकियाच्या एका संचालकांना 2002 साली मोटरसायकल भरधाव हाकल्याबद्दल 1 लाख 16 हजार युरो बसले (पुढे बरेच कमी झाले), ते या हिशोबाने.

नवा शब्द पाडायची गरजच नाही. पेशवाईच्या कागदांत 'जीवनमाफक' आहे. तेव्हा वाद हरणाऱ्याकडून घ्यायच्या दंडालाच 'गुन्हेगारी' म्हणत. (जिंकणाऱ्याकडून 'हरकी' घेत. सरकार कुणालाच मोकळं सोडत नसे!) यातलं 'जीवन' म्हणजे उपजीविका, ऐपत.

खरी गंमत 'माफक'मध्ये आहे. हा अरबी 'मुवाफिक': जुळणारा, अनुरूप. 'इत्तेफाक' त्याचाच भाऊबंद. 'हुकुमामाफक', 'शिरस्त्यामाफक' यांत तो शाबूत आहे. ऐपतीला जुळतं ते बेताचं, म्हणून पुढे 'माफक दर' म्हणजे स्वस्त दर झाला, असं मला वाटतं. काही पंडित त्याचं नातं 'माफी'शी लावतात. त्यांनी एकदा कोश उघडावा. 'माफ'चा अरबी धातूच वेगळा. 'माप'वरून व्युत्पत्ती सांगणाऱ्यांबद्दल तर न बोललेलं बरं.

भाषाशुद्धीवाले 'उत्पन्नानुपाती दंड' सुचवतील. संस्कृतच हवं तर याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायातला शेवटचा श्लोक बघा: अपराध, देश, काळ, बळ, वय, कर्म 'वित्तं च' पाहून दंड द्यावा. तिथे एका 'वित्त' शब्दात काम भागलं आहे. यांना आठ अक्षरं लागतात.

आपल्या 1860 च्या दंडसंहितेचं 63वं कलम एवढंच म्हणे, की रक्कम दिलेली नसेल तिथे दंडाला मर्यादा नाही, पण तो बेसुमार नसावा. भारतीय न्यायसंहितेतही तेच आलं. बेसुमार कुणाच्या मानाने, हे तिथे लिहिलेलं नाही.