लेस म्हणजे झालर नव्हे, जाळी

प्रश्न असा आला आहे: 'झाडे आणि त्यांच्या लोककथा मनात धरून लेसची शाल विणते आहे. शाल हे नाव शालवृक्षावरून आले का? आणि लेसच्या विणीला मराठीत झालर वीण म्हणावे का?'

पहिल्याचे उत्तर, नाही. पांघरायची शाल फारसीतून आली, शालवृक्ष संस्कृतातला. काही इंग्रजी कोश शालीचे नाव केरळच्या किनाऱ्यावरच्या चालियमला, म्हणजे अरबी प्रवाशांच्या 'शालियात'ला जोडतात. मला ते मुळीच पटत नाही. काश्मिरी लोकरीच्या वस्त्राला मलबारातल्या बंदराचे नाव द्यायचे, तर नुसते नादसाम्य पुरत नाही.

आणि झालर? ती तर नकोच. विणकामाच्या प्रदर्शनांत हे ऐकून कान किटले आहेत. झालर काठाला लोंबते. अंगभर भोके पाडत विणलेली शाल झालर कशी होईल? दोरा पुढे घेऊन एक वाढीव टाका, मग दोन टाक्यांचा एक, एवढ्यावर भोकही पडते आणि टाकेही तेवढेच राहतात. माझ्या आत्या-मावश्या या विणीला सरळ 'जाळी' म्हणत.

'लेस'च्या मुळाशी लॅटिन 'लाक्वेउस' आहे, म्हणजे फास. गुरे पकडायचा लॅसोही त्याच घरचा. आपली जाळी 'जाल'पासून, पाखरे आणि मासे धरायच्या जाळ्यापासून. दोन्ही भाषांनी शिकाऱ्याच्या हातातली वस्तू बाईच्या खांद्यावर आणून ठेवली! पण मराठी तिथे थांबली नाही. अनारशाला सुटते ती जाळी. जपून ठेवलेल्या पिंपळपानाचा हिरवा गर जाऊन शिरा उरतात ती जाळी. आणि रानात करवंदीची जाळी, फांदीत फांदी गुंतून झालेली गच्च झाडी. हा अर्थ नुसत्या दिसण्यावरून आला असे सांगतात. माझे मत वेगळे आहे. करवंदे काढताना जिचा पदर काट्यांत अडकला आणि सुटेना, तिनेच त्या झुडपाला जाळी म्हटले असणार. जाळीचा मूळ गुण धरून ठेवण्याचा, तो इथे जसाच्या तसा उरला आहे.

म्हणून शालीत पिंपळ घ्याच. त्यावर मुंजा राहतो, मुंज होऊन सोडमुंजेआधी गेलेला मुलगा. आता गंमत पाहा. मुंज हे मुळात एका गवताचे नाव. त्या गवताची वळलेली मेखला बटूच्या कमरेला बांधतात, म्हणून विधीचे नाव मुंज, आणि त्यावरून मुंजा. झाडावरच्या भुताच्या नावातसुद्धा पीळ दिलेली दोरी आहे!

पानाच्या मधल्या शिरेला सुलट टाके ठेवा आणि दोन्ही अंगांना जाळी पाडा. टोकाकडे जाळी थांबवून टाके हळूहळू कमी करा, म्हणजे पिंपळपानाची ती लांब शेपटी नीट उतरेल.