भावाला एपीएमएल, आणि दारात शेताचं गिऱ्हाईक

सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. ३४ वर्षांच्या धाकट्या भावाला नऊ दिवसांपूर्वी एपीएमएल, म्हणजे अक्यूट प्रोमायलोसिटिक ल्युकेमिया, असल्याचं निदान झालं. तो पुण्यात एका खासगी रुग्णालयात दाखल आहे. कंपनीचा ३ लाखांचा गटविमा बहुतेक संपलाय, आणि पहिल्या टप्प्यासाठी आणखी ४ ते ५ लाख लागतील असं रुग्णालयाने लेखी दिलंय. ताईंकडे प्रत्येकी २ लाखांच्या तीन ठेवी, पीपीएफ आणि आईचं धरून १२ तोळे सोनं आहे. चुलतभाऊ म्हणतो, “ब्लड कॅन्सर म्हणजे बोनमॅरो बदलणं आलंच, ३० लाख तयार ठेवा.” गावातलाच एकजण उभ्या उसासकट अडीच एकर ४२ लाखांना घ्यायला तयार आहे. ५ लाख इसार परवाच देतो म्हणतोय. बँकेने १० लाखांचं वैयक्तिक कर्जही मंजूर केलंय. “शेत विकू की कर्ज घेऊ?” असं ताई विचारतात.

ताई, आज दोन्ही नको. आणि इसार तर अजिबात घेऊ नका. एकदा साठेखतावर सह्या झाल्या की मागे फिरणं महागात पडतं. शिवाय सातबाऱ्यावर आई, तुम्ही आणि भाऊ अशी तिघांची नावं आहेत. सलाईन लावलेल्या माणसाची सही घ्यायला वकील पाठवणार आहात का?

मी डॉक्टर नाही. पण पैसे कधी आणि किती लागणार हे आजाराच्या स्वभावावर ठरतं, म्हणून तेवढा आजार मला समजून घ्यावा लागतो. तुमच्या चुलतभावाचा हिशोब दुसऱ्याच ल्युकेमियाचा आहे. रक्ताच्या कॅन्सरच्या काही प्रकारांत बोनमॅरो ट्रान्सप्लांट लवकर करावा लागतो. एपीएमएलमध्ये तो पहिला उपचार नसतो. तो विषय निघतो आजार उलटला तर, आणि तेव्हाही आधी औषधांनी आजार पुन्हा आटोक्यात आणून ट्रान्सप्लांटसाठी बऱ्याचदा रुग्णाच्याच पेशी वापरतात. त्यामुळे ते ३० लाख आजच्या खर्चात धरायचं कारण नाही.

हा आजार दुर्मीळ आहे, आणि एकेकाळी ल्युकेमियातला सगळ्यात झटपट मारणारा प्रकार म्हणून डॉक्टर त्याला घाबरत. हे चित्र बदललं दोन औषधांनी, आणि दोन्हींचा या आजारावरचा वापर चीनमधून आला. १९८० च्या दशकात शांघायमध्ये वांग झेन्यी यांनी ऑल-ट्रान्स रेटिनोइक अ‍ॅसिड वापरून दाखवलं. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं हे औषध, भावाला ज्या कॅप्सूल चालू आहेत त्याच. त्याआधी हार्बिनमध्ये झांग टिंगडाँग यांनी आर्सेनिक ट्रायऑक्साइडवर काम सुरू केलं होतं. आर्सेनिक ट्रायऑक्साइड म्हणजे आपला सोमल. (हे वाचून गावातला कोणी वैदू पुडी घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. रुग्णालयात तेच औषध ईसीजी आणि पोटॅशियमवर डोळा ठेवून, मोजून शिरेतून देतात.)

इटली आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी ही दोन्ही औषधं एकत्र देऊन पाहिली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांपैकी दोन वर्षांनी ९९ टक्के हयात होते. जुन्या पद्धतीने, केमोथेरपीसह उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ९१ टक्के होतं. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तर ७२ रुग्णांवर एकट्या आर्सेनिकवर भर देऊन उपचार केले होते, परवडावं म्हणून. त्यातले सुमारे ७४ टक्के पाच वर्षांनी हयात होते.

जोखीम ठरवताना निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी किती होत्या हे महत्त्वाचं असतं. १०,००० च्या वर गेल्या तर जास्त जोखीम. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टात ३,२०० आहेत. म्हणजे हा आकडा भावाच्या बाजूचा आहे, पण तरीही डॉक्टरांना तोंडावर विचारा, “हा कमी जोखमीतला आहे ना?”

आता वाईट बाजू, कारण पैशाचं वेळापत्रक तिच्यावरच ठरतं. या आजारात रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडते, मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होतो, आणि जे दगावतात त्यातले बरेच पहिल्या काही आठवड्यांतच. शिवाय औषध लागू पडतानाच ताप, धाप, अंगावर पाणी चढणं असा एक त्रास उद्भवू शकतो. मग आयसीयू. रोज प्लेटलेट, प्लाझ्मा. म्हणजे पैसा लागतो तो आत्ता, या महिन्यात, आणि रात्री अकरा वाजता मागितला तरी हातात येईल असा. शेताचा पैसा असा येत नाही. खरेदीखत, सह्या, हप्ते यांत हा महिना निघून जाईल.

म्हणून पहिल्यांदा ठेवी मोडा. तिन्ही. मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजात थोडी कपात होईल, ती सोसा. ६ लाख तुमच्या बचत खात्यात आले की लेखी अंदाज भागतो आणि लाखभर वर राहतो. त्याच दिवशी आईला घेऊन सोनेतारण कर्जाचं बोला. १२ तोळ्यांवर ५ लाख सहज मिळतील, पण ३ लाखांपेक्षा जास्त उचलू नका, आणि तेही आयसीयूची वेळ आली तरच. दहा टक्क्यांनी धरलं तरी ३ लाखांवर महिन्याला २,५०० व्याज. मंजूर झालेलं वैयक्तिक कर्ज १५ टक्क्यांचं, पाच वर्षांचं आहे, म्हणजे हप्ता साधारण २३,८००. तुमचा ५८,००० पगार आणि भावाचा बंद झालेला पगार एकत्र मांडून बघा, दुसऱ्या महिन्यातच ओढाताण सुरू होईल.

पीपीएफचं एक ध्यानात ठेवा. गंभीर आजारासाठी मुदतीआधी खातं बंद करण्याची सवलत खातेदार, जोडीदार, अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील यांच्यासाठी आहे. त्यात भाऊ बसत नाही. तुमचं खातं २०१४ चं आहे, त्यामुळे काही भाग काढता येईल. पण ते सोन्याच्याही नंतर.

पहिला टप्पा पार पडला की खर्चाचं रूप बदलतं. आर्सेनिकचे आठवड्याला पाच दिवस असे चार आठवडे, मग चार आठवडे सुट्टी, अशी चार आवर्तनं. म्हणजे ८० सलाइनी, सात-आठ महिन्यांत. रोज दोनेक तास लागतात आणि दाखल राहावं लागत नाही. इथे औषधापेक्षा पुण्यातली खोली, जेवणखाण आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोजगार जास्त खातो. म्हणून आत्ताच डॉक्टरांना विचारा की हे डोस मिरजेला किंवा कोल्हापूरला, त्यांच्याच देखरेखीखाली, देता येतील का.

त्याच वेळी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं बघा. आता ती सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण रुग्णालय योजनेच्या यादीतलं हवं, आणि मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते; स्वतः भरलेली बिलं नंतर नेऊन काही मिळत नाही. यादीतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटून एपीएमएलच्या पुढच्या टप्प्यांचं पॅकेज आहे का ते विचारा. मुंबईला टाटाला जायची वेळ आली तर परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ही नावं लिहून ठेवा.

भावाच्या कंपनीत जाऊन एवढंच मागा, की बिनपगारी रजा द्या पण नाव कमी करू नका. नाव गेलं की गटविमा जातो, आणि या आजारानंतर नवीन पॉलिसी मिळणं अवघड.

शेत विकायची वेळ कधी येईल तेही सांगतो. उपचार संपल्यावर पीएमएल-रारा नावाची पीसीआर तपासणी होते, आजाराचा अंश उरलाय का ते बघायला, पुढे काही काळ परत परत होते. ती निगेटिव्ह राहिली तर शेताचा प्रश्न उरत नाही. पॉझिटिव्ह आली तर मात्र शेत काढा, माझी हरकत नसेल. पण तेव्हा तिघांच्या सह्या घरात बसून होतील आणि दोन-तीन गिऱ्हाइकं बघून भाव ठरेल. आत्ताचा भाव अडलेल्या माणसाला दिलेला आहे. उभा ऊस त्यात फुकटच जातोय, त्याची किंमत वेगळी धरलेलीच नाही, हे तुमच्या पत्रातच दिसतं.

त्या गृहस्थांना फोन करून सांगा, ऊस तुटून कारखान्याला गेला की बोलू. आणि बँकेत सकाळी जा. ठेवीच्या मूळ पावत्या आईच्या कपाटात आहेत म्हणालात, त्या आज रात्रीच काढून ठेवा.